बँकॉक वगळावं का?

सध्या आमच्या घरात बँकॉकवरून वाद चालू आहे. वाद म्हणजे भांडण नव्हे. पण रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विषय निघतो आणि निकाल न लागताच कप विसळायला जातात. डिसेंबरात थायलंडला जायचं, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. आठ रात्रींचा बेत. आम्ही दोघं, माझा भाचा आणि त्याची बायको. भाच्याने जो कार्यक्रम आखला आहे त्यात सुखोथाई आहे, अयुथया आहे, उत्तरेचं चिआंग माई आहे. बँकॉक मात्र नाही.

"मावशी, विमानतळावर उतरायचं आणि सरळ बाहेर पडायचं," तो म्हणतो. "राजधानी-बिजधानी काही नको. तेच मॉल, तीच गर्दी. तुला इतिहास बघायचाय ना? मग तो अयुथयाला आहे. बँकॉकला काय आहे?"

यांचं मत विचाराल तर, गुडघ्याला कमी चालावं लागेल ते यांचं मत. शिवाय यांच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत बँकॉकचं नाव निघालं तेव्हा एकाने डोळे मिचकावून "वहिनींना घेऊन?" असं विचारलं म्हणे. आपल्याकडे त्या शहराचं नाव असं होऊन बसलं आहे खरं. मुंबईहून विमानं भरभरून लोक बँकॉक-पट्टायाला जातात आणि परत आल्यावर काय पाहिलं ते घरी जरा गाळूनच सांगतात. असो. पण एखाद्या शहरात कोण कशाला जातं यावरून ते शहर ठरवायचं तर आपली मुंबईसुद्धा कुणी पाहू नये. हा मुद्दा मी लगेच निकालात काढला.

'इतिहास अयुथयाला आहे, बँकॉकला नाही', हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला. असं वाक्य कानावर आलं की हात आपोआप पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. गेला महिनाभर मी तेच करते आहे. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

अयुथया म्हणजे नावाने आपली अयोध्याच. १३५० च्या सुमारास राजा उथोंगने ती वसवली. तीन नद्यांच्या मधलं बेट, चहूकडून पाणी, आणि समुद्रापर्यंत जाणारा जलमार्ग. चारशे वर्षांहून अधिक काळ ही सयामची राजधानी होती, आणि राजधानी म्हणजे नुसतं राजवाड्याचं गाव नव्हे. तिथे चिनी, जपानी, इराणी, डच, फ्रेंच अशा सगळ्यांच्या वस्त्या होत्या. १५११ मध्ये मलाक्का जिंकल्यावर आल्बुकर्कने (आदल्याच वर्षी ज्याने गोवा घेतला, तोच हा) अयुथयाच्या दरबारी वकील धाडला. १६८६ मध्ये सयामचे वकील फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात जाऊन आले. एवढं मोठं हे प्रकरण.

ब्रह्मदेशाशी मात्र तिचं पिढीजात वैर होतं. १५६९ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथया एकदा घेतली होतीच. दोनशे वर्षांनी पुन्हा वेढा पडला, तो वर्षाहून अधिक चालला, आणि ७ एप्रिल १७६७ रोजी शहर पडलं. (आपल्याकडे तेव्हा पुण्यात थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती, म्हणजे काळ डोळ्यापुढे येईल.) मंदिरं जाळली, ग्रंथ जाळले, राजा मारला गेला. त्याचा भाऊ, जो पूर्वी थोडे दिवस गादीवर बसला होता, तो कैद होऊन ब्रह्मदेशात गेला आणि त्याच्याबरोबर हजारो माणसंही. त्यांत नर्तक होते, गवई होते. ब्रह्मदेशातल्या रामायणाच्या नाटकांवर या कैद्यांची छाप आहे आणि तिथे त्या गाण्या-नाचाला अजून 'योदया' म्हणजे 'अयोध्येचं' असंच म्हणतात.

आमच्या पाठ्यपुस्तकात असा प्रसंग आला की धडा संपायचा. 'राजधानी शत्रूच्या हाती पडली व राज्य लयास गेले.' खाली स्वाध्याय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या माणसांनी काय केलं, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत मी पाहिला नाही. पर्यटनाचंही तसंच आहे. अयुथया बघायची, झाडाच्या मुळांत गुंतलेलं बुद्धाचं मस्तक बघायचं, हळहळायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. म्हणजे १७६७ ला धडा बंद.

पण त्या वर्षी तीस वर्षांचा असलेला एक माणूस होता. जन्म १७३७, अयुथयातलाच. आणि त्याच्याहून थोडा मोठा, ताक या प्रांताचा सुभेदार म्हणून 'ताकसिन' असं नाव पडलेला, चिनी बापाचा मुलगा. ताकसिन शहर पडण्याआधी थोडी माणसं घेऊन वेढ्यातून निसटला, पूर्वेला चंथबुरीकडे गेला, तिथे त्याने फौज उभी केली, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात त्याने अयुथया परत घेतली. वर्षही झालं नव्हतं! ब्रह्मी फौजांचा मोठा भाग तेव्हा चीनशी लढायला परत गेला होता, हेही खरं.

परत घेतलेली अयुथया मात्र राहण्याजोगी नव्हती. म्हणून ताकसिन नदीने खाली आला आणि समुद्राजवळ पश्चिम काठावर थोनबुरीला त्याने राजधानी केली. तिथे जे विहार आहे ते वाट अरुण. ('वाट' म्हणजे थाई भाषेत विहार किंवा देऊळ. आपली वाट नव्हे. अरुण मात्र आपलाच, पहाटेचा.) पंधरा वर्षांनी ताकसिनला पदच्युत करून मारण्यात आलं आणि त्याचा सेनापती गादीवर बसला. अयुथयात जन्मलेला तो दुसरा माणूस तो हाच. आज त्याला पहिला राम म्हणतात. त्याने नदी ओलांडून पूर्व काठावर २१ एप्रिल १७८२ रोजी नव्या शहराचा स्तंभ रोवला. सालबाईचा तह झाला ते हेच साल. तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, ती थोडी खाली सांफेंगला हलवली. बँकॉकचं चायनाटाऊन म्हणतात ते तेच.

'बँकॉक' हे नाव परक्यांचं. मकोक नावाच्या झाडांवरून ते आलं असं एक मत आहे. मकोक म्हणजे आपल्या कोकणातल्या अंबाड्याच्या कुळातलं झाड, असं वाचलं आणि मला उगाच बरं वाटलं. थाई माणूस आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतो, म्हणजे देवांची नगरी, आणि हा त्या लांबलचक नावाचा नुसता आरंभ आहे. पूर्ण नाव एका श्वासात होत नाही. पण संस्कृतची थोडी ओळख असलेल्या मराठी माणसाला ते बरंचसं कळतं. महानगर, अमर, रत्न, नवरत्न, राजधानी, उत्तम राजनिवेशन, महास्थान, विमान, अवतार, इंद्राने दिलेलं, विश्वकर्म्याने घडवलेलं... शब्द सोडवत गेले आणि मध्येच थांबले. त्या नावात 'महेंद्र अयुथया' आहे! नव्या राजधानीच्या नावातच जुनी राजधानी बसवलेली आहे.

नावापुरतंच नव्हे. पहिल्या रामाने अयुथयाच्या पडलेल्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून नदीने खाली आणवल्या आणि त्यांतून नव्या शहराचे तट आणि वाडे बांधले. आज अयुथयाच्या फोटोंत कितीतरी भिंती गुडघ्याएवढ्याच उरलेल्या दिसतात. त्याला ब्रह्मी आग जेवढी कारणीभूत, तेवढ्याच या होड्याही. (जुन्या गोव्याचं हेच झालं. तिथल्या वास्तूंचे दगड पणजी बांधायला गेले.) अयुथयाला राजवाड्याच्या आवारात एक देऊळ होतं, त्यात भिक्षू राहत नसत, ते फक्त राजाचं. बँकॉकच्या राजवाड्यात वाट फ्रा केव तसंच आहे, तिथेही भिक्षू राहत नाहीत. अयुथयाला महानाक नावाचा एक कालवा होता, पाण्याच्या सणात लोक त्यावर होड्यांतून गाणी म्हणत. नव्या शहरात कालवा खणला आणि त्याला महानाक हेच नाव दिलं, लोकांना पूर्वीसारख्या होड्या काढता याव्यात, गाता यावं म्हणून. तटबंदी, तोफा हे समजू शकतं; पण राज्य नुकतं उभं राहतं आहे, ब्रह्मी फौजा पुन्हा येणार हे दिसतं आहे (त्या १७८५ मध्ये आल्याच), आणि माणूस गाणी म्हणायला कालवा खणतो!

दोन गोष्टी आणखी. जुने कायदे ग्रंथांबरोबर जळाले होते. जे उरले ते गोळा करून, तपासून १८०५ मध्ये पहिल्या रामाने कायद्याची संहिता तयार करवली. रामायणाच्या जुन्या थाई प्रती बहुतेक नाहीशा झाल्या होत्या, म्हणून त्याने दरबारातल्या कवींना बरोबर घेऊन 'रामकियन' पुन्हा लिहून काढलं. वाट फ्रा केवच्या भोवतालच्या ओवऱ्यांत त्याची १७८ भित्तिचित्रं आहेत. त्यात रावणाला 'थोत्सकान' म्हणजे दशकंठ म्हणतात, आणि तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही, शनिवार करतात बिचारे.

आता जरा घरचं सांगते. माझं आजोळ उजनी धरणात गेलं. भीमेकाठचं गाव, पाणी चढू लागलं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. मामाने वाड्याच्या तुळया उतरवल्या, दाराची चौकट काढली, आजीने जातं सोडलं नाही. गाडीत घालून सगळं वरच्या माळावर नव्या गावठाणात आणलं. गावदेवाची मूर्ती वाजतगाजत आणली, गावाचं नावही तेच ठेवलं. नव्या घराला ती जुनी चौकट बुटकी पडली, म्हणून वर दोन विटांचे थर चढवले, ते अजून दिसतात. हल्ली उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवसारखी जुनी देवळं वर येतात आणि पुण्याहून माणसं होडी करून बघायला जातात. जुनं देऊळ सुंदरच आहे. पण गावठाणातून गाडी पुढे निघून जाते. मामेभाऊ म्हणतो, "ताई, पाण्यातलं गाव बघायला सगळे येतात. आमच्याकडे कोण पाणी प्यायलाही थांबत नाही."

बँकॉक वगळा असं भाचा म्हणाला तेव्हा मला हे आठवलं. अयुथया बघून परत फिरणं म्हणजे पाण्यातलं देऊळ बघून गावठाणातून गाडी पुढे काढणं.

हे सगळं एका संध्याकाळी मी भाच्याला सांगितलं. भाचा हुशार आहे, वाचतोही. तो म्हणाला, "मावशी, विटा स्वतःच्या होत्या, ठीक. पण वाट फ्रा केवमधली मूर्ती कुणाची?"

प्रश्न बरोबर होता. ती पाचूची बुद्धमूर्ती म्हणून जगात प्रसिद्ध आहे, प्रत्यक्षात हिरव्या दगडाची, सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीची. दोनशेहून अधिक वर्षं ती लाओसच्या राजधानीत, व्हिएनत्यानला होती. १७७९ मध्ये सयामी फौजेने व्हिएनत्यान घेतलं आणि ती मूर्ती आणली. फौजेचा सेनापती होता पुढे पहिला राम झालेला तोच माणूस. ज्याचं स्वतःचं शहर बारा वर्षांपूर्वी लुटलं गेलं होतं, त्याने दुसऱ्याच्या शहरातला देव उचलून आणला. पुढे १८२७-२८ मध्ये लाओसच्या राजाने उठाव केला तेव्हा बँकॉकच्या फौजांनी व्हिएनत्यान पार उद्ध्वस्त केलं. त्या मूर्तीसाठी बांधलेलं देऊळ पुन्हा उभारलं आहे, आज तिथे संग्रहालय आहे. मूर्ती बँकॉकलाच आहे.

"म्हणजे बँकॉक हे लुटीच्या मालाचं गोदामच की," भाचा म्हणाला.

मी त्याला नाही म्हणाले नाही. पण मग अयुथया तरी कुठे सोवळी आहे? पंधराव्या शतकात अयुथयाच्या फौजांनी कंबोडियातलं अंगकोर घेतलं आणि तिथून ब्राँझच्या मूर्ती आणल्या. १५६९ मध्ये ब्रह्मी राजाने त्याच मूर्ती अयुथयातून पेगूला नेल्या. तिथून त्या आराकानात गेल्या, आराकानातून १७८५ च्या सुमारास पुन्हा ब्रह्मी राजधानीत. त्यांतल्या सहा आज मंडालेच्या महामुनी देवळात आहेत, आणि भाविक आपला जो अवयव दुखत असेल तो मूर्तीच्या त्याच जागी हात लावून बरा करून घेतात. यांच्या गुडघ्यासाठी मंडालेला जावं का, असा विनोद आमच्याकडे दोन दिवस चालला. सांगायचा मुद्दा, लुटीच्या कारणाने शहर वगळायचं तर या प्रदेशात पाऊल ठेवायला जागा उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर लुटलेला माणूस लुटायला निघतो, हे जिथे एका आवारात दिसतं, ती जागा मला बघायचीच आहे. रामकियनची चित्रं बघताना ती हिरवी मूर्तीही बघायची, आणि ती कुठून आली ते विसरायचं नाही.

मन वळलं ते मात्र वेगळ्याच दोन मूर्तींनी. वाट त्राइमित नावाच्या विहारात एक मोठी बुद्धमूर्ती होती. चुन्याच्या गिलाव्याची, वर रंगीत काचा, कुणाच्या फारशी लक्षात न येणारी. १९५५ मध्ये नव्या इमारतीत हलवताना ती दोरावरून निसटून पडली, गिलावा फुटला आणि आतून सोनं दिसलं. साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती, घडणीने सुखोथाईच्या काळची. शत्रूच्या नजरेला पडू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर गिलावा चढवला, बहुधा अयुथया पडण्याआधी, आणि ज्यांना हे ठाऊक होतं ती माणसं मेली किंवा नेली गेली. गुपित दोनशे वर्षं टिकलं.

दुसरी मूर्ती मात्र दिसत नाही. अयुथयाच्या राजदेवळात सुमारे १६ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती, सोन्याच्या पत्र्याने मढवलेली. १७६७ मध्ये तिचं सोनं आग लावून वितळवून नेलं. उरला आतला जळका गाभा. पहिल्या रामाने तो बँकॉकला आणवला. नीट करण्याच्या पलीकडे गेला होता. तर त्याने वाट फो विहारात एक चैत्य बांधला आणि तो गाभा आत ठेवून दिला. तो हिरव्या फरशीकामाचा चैत्य आजही तिथे आहे. बाजूला पुढच्या राजांनी बांधलेले पांढरा, पिवळा आणि निळा असे तीन उभे आहेत. लोक त्या विहारात पहुडलेला मोठा बुद्ध बघायला जातात, ४६ मीटर लांब आहे तो, आणि हिरव्या चैत्यापुढे फोटो काढून पुढे जातात. अयुथयाच्या राजदेवळात आज तीन चैत्य आणि रिकामे चौथरे आहेत. त्यांच्यातलं जे होतं ते इथे आहे.

हे ऐकल्यावर भाचा गप्प बसला. मग त्याच्या बायकोने वही पुढे ओढली आणि कार्यक्रम नव्याने लिहिला. विमानतळावरूनच दुसऱ्या विमानाने सुखोथाई, तिथे दोन रात्री. मग मोटारीने फित्सनुलोक, एक रात्र. तिथली बुद्धमूर्ती इतकी सुंदर की बँकॉकच्या राजाने तिची प्रतिकृती करवून घेतली, मूळ मूर्ती तिथेच राहू दिली. तिथून रेल्वेने अयुथया, दोन रात्री. आणि शेवटी, विटा गेल्या त्याच दिशेने, खाली बँकॉक, तीन रात्री. राजधानी वगळायची नाही. फक्त आधी नाही, शेवटी बघायची.

या गणितात चिआंग माई बसेना. तीही एका जुन्या राज्याची राजधानीच, लान्नाची, १२९६ साली वसलेली. म्हणजे एक राजधानी वगळली ती वगळलीच. भाच्याला वाईट वाटलं, त्याला तिथले डोंगर बघायचे होते. ते दोघं तरुण आहेत, पुन्हा जातील.

यांना मी एवढंच सांगितलं आहे की वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या खालूनच बघायच्या, आणि सनाम चाय स्टेशनातून वर आलं की वाट फो अगदी जवळ आहे. तेवढं गुडघा चालतो.